आहे त्यात भागवण्याचे शास्त्र

घरात आहे त्यात भागवणे ही गोष्ट बहुधा स्वभावाच्या सदरात टाकली जाते. एखाद्या कुटुंबाला काटकसरी म्हणताना त्या घरातील माणसांचा संयम, किंवा फार तर त्यांची ओढग्रस्तीची परिस्थिती, एवढेच लक्षात घेतले जाते. मात्र मराठी घरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्रास चालत आलेले व्यवहार बारकाईने पाहिले, तर त्यांच्यामागे पदार्थांच्या गुणधर्मांचे, ऋतुमानाचे आणि बाजारभावाचे अनुभवातून आलेले पक्के ज्ञान होते असे दिसते. विरलेले कापड कशाला चालेल, कोणते धान्य कशाने टिकेल, शिळ्या अन्नातले काय खाण्याजोगे आणि काय टाकून देण्याजोगे, हे ठाऊक असल्याशिवाय काटकसर करताच येत नाही. या ज्ञानाला दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची आणि घरात खर्ची पडणाऱ्या वेळाची जोड लागे. गेल्या काही दशकांत ही व्यवस्था का विरळ झाली, आणि तिच्यातले काय आजही उपयोगाचे आहे, हे समजून घ्यायचे तर ज्ञान, कारागीर आणि वेळ या तिन्ही आधारांचा निरनिराळा विचार करावा लागतो.

कापडाचा उतरता क्रम

या व्यवस्थेचे मूळ तत्त्व कापडाच्या वापरात सर्वांत स्पष्ट दिसते. कोणतीही वस्तू एका कामाला निरुपयोगी झाली म्हणजे ती सर्वच कामांना निरुपयोगी होते असे नाही. तिची ताकद जसजशी कमी होते तसतशी ती कमी ताकदीच्या कामाला लावता येते. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, आणि नेसण्याच्या पद्धतीमुळे त्याच्या सगळ्या भागांवर सारखा ताण येत नाही. बसण्याउठण्यात घासला जाणारा भाग आधी विरतो, तेव्हा काठपदराकडचे कापड अजून धड असते. म्हणून विरलेला भाग कापून काढून उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडले जात. या जोडशिवणीला दांड म्हणतात, आणि असे दांड घातलेले लुगडे घरात नेसायला आणखी काही महिने पुरे.

तेही विरले की कापडाचे दुसरे आयुष्य सुरू होई. नव्या सुती कापडाला खळ असते, म्हणजे विणताना सूत तुटू नये आणि कापड ताठ दिसावे म्हणून दिलेला पिठाचा थर. वारंवार धुण्याने खळ निघून जाते, तंतू मोकळे होतात आणि कापड मऊ होऊन पाणी चटकन शोषू लागते. तान्ह्या मुलासाठी दुपटी, लंगोट आणि झबली जुन्या लुगड्या-धोतरांची करण्याची जी रीत होती, तिच्यामागे खर्च वाचवण्याइतकेच हेही कारण होते; मुलाच्या नाजूक त्वचेला त्या कामासाठी जुने कापड नव्यापेक्षा खरोखरच अधिक चांगले.

यापुढची पायरी गोधडीची. तिला पश्चिम महाराष्ट्रात वाकळ असेही म्हणतात. वरखाली जुन्या लुगड्याचे सलग पदर आणि आत मिळतील ते तुकडे पसरून धावदोऱ्याने, म्हणजे सुई सरळ वरखाली काढत घातलेल्या साध्या टाक्याने, ते सगळे थर एकत्र शिवले जातात. गोधडीची ऊब कापडाच्या जाडीतून जितकी येते त्याहून अधिक थरांच्या मधे अडकलेल्या हवेतून येते, कारण स्थिर हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक असते. दाट टाक्यांमुळे आतले तुकडे सरकत नाहीत आणि ताण एका जागी न येता सर्व थरांत विभागला जातो, म्हणून एकेकटा घेतला तर हाताने फाटेल असा कपडाही गोधडीत वर्षानुवर्षे टिकतो. जुन्या कापडाचे थर शिवून पांघरूण करण्याची हीच युक्ती बंगालमध्ये कांथा या नावाने आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजात कवंदी या नावाने स्वतंत्र कला म्हणून ओळखली जाते.

गोधडीतूनही उरलेल्या चिंध्यांचे पायपुसणे, भांडी उतरवण्याचे फडके आणि जमीन सारवण्याचे पोतेरे होई. ज्या कपड्यांना घरात असा उपयोग नसे ते बोहारणीकडे जात. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी ही फिरती विक्रेती म्हणजे पुनर्वापराच्या बाजाराचा घराच्या दारापर्यंत आलेला हातच होता. घरात निरुपयोगी ठरलेल्या कपड्याला दुसऱ्या कोणाकडे किंमत असते आणि ती किंमत घासाघीस करून वसूल करता येते, हे तिच्यामुळे शक्य होई. खऱ्या जरीच्या साड्यांना तर वेगळेच गिऱ्हाईक असे, कारण तसली जर जाळून तिच्यातली चांदी परत मिळवता येते.

स्वयंपाकघरातील साखळी

कापडाचा हा उतरता क्रम स्वयंपाकघरात साखळीचे रूप घेतो. तेथे एका क्रियेतून उरलेला पदार्थ पुढच्या क्रियेचा कच्चा माल ठरतो. दूध हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. तापवून निवलेल्या दुधावरची साय रोज साठवून तिला विरजण लावले जाते, तेव्हा विरजणातील जिवाणू दुधातील साखरेचे आम्लात रूपांतर करतात. पुढे ती घुसळली की स्निग्धाच्या सूक्ष्म थेंबांवरचे आवरण फुटून ते थेंब एकमेकांना चिकटतात आणि लोण्याचा गोळा वर येतो. खाली राहते ते ताक, ज्याची कढी किंवा मठ्ठा होतो. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असल्यामुळे ते फार दिवस टिकत नाही, परंतु ते कढवले की पाणी उडून जाते. चांगल्या तुपात पाण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी राहते आणि इतक्या कोरड्या माध्यमात जिवाणू वाढू शकत नाहीत, म्हणूनच तूप फडताळात महिनोन्महिने चांगले राहते. तळाशी उरलेली बेरी साखर घालून मुलांना दिली जाते किंवा तिच्या वड्या होतात, आणि कढईला चिकटलेले तूपही वाया जाऊ नये म्हणून तिच्यातच गरम भात कालवला जातो. मूळ दूध चहाला आणि जेवणाला वापरून झालेले असते. ही सगळी साखळी केवळ त्याच्या सायीवर चालते.

दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, कोथिंबिरीचे देठ घातलेले वाटण, फणसाच्या आठळ्यांची भाजी हे पदार्थ याच दृष्टीचे फळ आहेत. कोकणात नारळाच्या बाबतीत हा हिशेब स्वयंपाकघराबाहेरही जातो: खोबरे खाण्याला, सोडण जळणाला किंवा काथ्याला, करवंटी डवल्यासाठी, झावळ्या झापांसाठी आणि झावळीच्या हिरांचा खराटा. मोरीचे सांडपाणी परसात सोडून तेथे अळू आणि केळ लावण्याची पद्धतही अशीच विचारपूर्वक आलेली आहे, कारण या दोन्ही वनस्पतींना भरपूर ओल लागते आणि ती एरवी विहिरीतून ओढून द्यावी लागली असती.

शिळ्या अन्नाच्या उपयोगामागेही रसायन आहे. शिजलेल्या भातातील पिष्टाचे रेणू थंड होताना पुन्हा सुसंगत रचनेत बांधले जातात, त्यामुळे शीत घट्ट होते. ताज्या भाताला फोडणी दिली तर त्याचा गिचका होतो, रात्रीच्या भाताची मात्र शिते सुटी राहतात. फोडणीची पोळी किंवा भाकरीचा कुस्करा या पदार्थांत हाच कोरडेपणा गुण ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील साठ टक्के घराघरांतून गेले. हा आकडा पाहता शिळ्या पोळीची फोडणी ही क्षुल्लक बाब राहत नाही.

बेगमी आणि तिचे भांडवल

ऋतूच्या हिशेबाने पुढच्या गरजेचा साठा करून ठेवणे म्हणजे बेगमी. सुगीनंतर धान्याची आवक मोठी असते तेव्हा भाव उतरतात आणि पावसाळ्यात ते चढतात, म्हणून उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवणारे घर या दोन भावांमधला फरक स्वतःच्या पदरात पाडून घेत असे. त्यासाठी धान्य टिकवणे आवश्यक होते. कडक उन्हात वाळवून दाण्यातील ओल बारा टक्क्यांच्या आसपास आणली की बुरशी आणि कीड यांची वाढ मंदावते. डाळी-कडधान्यांना एरंडेल चोळले जाते, कारण तेलाच्या पातळ थरामुळे किडीच्या अंड्यांचा श्वास कोंडतो. बियाण्यासाठी ठेवलेल्या कडधान्यात राख मिसळली जाते. तिचे बारीक कण दाण्यांमधली पोकळी भरून किडीला फिरू देत नाहीत आणि किडीच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडले जाऊन तिच्या शरीरातील ओल निघून जाते. पापड, कुरडया, सांडगे, शेवया हे वाळवण, आणि मीठ, मोहरी व तेल यांत मुरलेले लोणचे यांचेही तत्त्व एकच आहे: सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणी अन्नात उरू द्यायचे नाही.

या व्यवस्थेची एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. बेगमीसाठी वर्षाच्या धान्याचे पैसे एकरकमी हातात असावे लागतात, आणि साठवायला कोरडी जागाही लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला पावशेर-अर्धा किलोच्या हिशेबाने रोज चढ्या भावाने घ्यावे लागते, म्हणजे काटकसरीची सर्वाधिक गरज असलेल्या घरालाच काटकसर महाग पडते. डेव्हिड कॅप्लोविट्झ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधील गरीब ग्राहकांचा अभ्यास करून 1963 मध्ये हाच निष्कर्ष मांडला होता की गरिबाला त्याच वस्तूसाठी अधिक मोजावे लागते. महाराष्ट्रात या अडचणीवर सामूहिक उत्तर शोधले गेले. 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्रित मागणीनुसार घाऊक खरेदी आणि वाटप करण्याची पद्धत रुजवली, त्यामुळे एकेकट्या घराला न मिळणारा घाऊक भाव गटाला मिळू लागला.

दुरुस्तीचे जाळे

घरातले ज्ञान जेथे संपे तेथे कारागिराचे काम सुरू होई. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर आम्लामुळे तांबे अन्नात उतरते, ते टाळण्यासाठी आतून कथलाचा थर देतात, ही कल्हई. कल्हईवाला भांडे तापवून त्यावर नवसागराची पूड टाकतो, त्यामुळे धातूवरचा काळा थर निघून पृष्ठभाग स्वच्छ होतो, आणि 232 अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून पसरवले जाते. थर झिजला की भांडे पुन्हा कल्हईला जाई, म्हणजे काही मासे कथलाच्या बदल्यात कित्येक शेर पितळ पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहत असे. पिंजारी गादीतला दबलेला कापूस पिंजून त्याच्या तंतूंमध्ये पुन्हा हवा खेळती करी, पाट्याला टाकी लावणारी गुळगुळीत झालेला दगड खरबरीत करून देई, आणि रफूगर फाटलेल्या जागी धाग्याने धागा विणून कापड जोडून देई.

या सर्वांचे काम एका गोष्टीवर अवलंबून होते: वस्तू उघडता येण्याजोगी, सुटी करता येण्याजोगी आणि दुरुस्तीच्या खर्चापेक्षा पुष्कळ मौल्यवान असली पाहिजे. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना कल्हई लागत नाही, आणि कापसाच्या गादीची जागा फोमने घेतली तेव्हा पिंजाऱ्याला कामच उरले नाही. विजेच्या उपकरणांत तर सांधे चिकटवून बंद केलेले असतात आणि सुटे भाग मिळत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीची इच्छा असलेल्या घरालाही नवी वस्तू घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दुरुस्तीचा हक्क या संकल्पनेला याच कारणाने धोरणात स्थान मिळू लागले आहे. या संकल्पनेचा आशय असा की वस्तू विकत घेणाऱ्याला तिचे सुटे भाग, माहिती आणि दुरुस्ती करणाऱ्याची निवड उपलब्ध असली पाहिजे. भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळही सुरू केले. काटकसर घराच्या हातात कितपत राहते हे अशा रीतीने वस्तू कोण आणि कशी घडवतो यावरही ठरते.

न मोजलेला वेळ

वर सांगितलेल्या प्रत्येक व्यवहारात पैसा वाचतो आणि वेळ खर्च होतो. साय साठवण्यापासून तूप होईपर्यंतची खटपट, गोधडीचे हजारो टाके, धान्य निवडणे, पापड लाटणे हे सारे काम ज्या वेळात होई तो वेळ बहुतांशी घरातील स्त्रियांचा होता, आणि त्याची किंमत कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिली जात नव्हती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या, तर ती कामे करणारे पुरुष 97 मिनिटे. अर्थशास्त्रात एका गोष्टीसाठी दुसऱ्या ज्या लाभावर पाणी सोडावे लागते त्याला संधिमूल्य म्हणतात. स्त्रीला घराबाहेर मजुरी वा नोकरी मिळण्याची वाट बंद होती तोवर तिच्या वेळेचे संधिमूल्य शून्य धरले गेले आणि त्या गृहीतकावर काटकसर स्वस्त भासली. शिक्षण आणि नोकरी यांमुळे ते गृहीतक मोडले, त्याच सुमारास यंत्रनिर्मित कापड आणि तयार अन्न स्वस्त होत गेले, आणि दोन्ही बाजूंनी तराजू झुकला. म्हणून जुन्या सवयी सुटल्या त्या पुढच्या पिढ्या उधळ्या निघाल्या म्हणून, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

हेच कौशल्य बाजारात आणले तर काय घडते याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. 1959 मध्ये गिरगावातील सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा उद्योग सुरू केला आणि त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. वाळवणाचे जे काम घरात विनामोबदला होत होते तेच काम येथे लाटणावळ मिळवून देणारे ठरले, आणि ज्या घरांना पापड लाटायला वेळ नव्हता त्यांना ते विकत मिळू लागले.

मर्यादा आणि निवड

काटकसरीला ज्ञानाचा आधार सुटला तर ती धोक्याची होते, हेही नोंदवले पाहिजे. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका निवडून भाजून खाणे ही बचत नाही, कारण त्यांतील अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने वा शिजवल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेलाच्या विघटनातून तयार होणारे अपायकारक घटक, साचत जातात. अशा संयुगांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांहून अधिक झालेले तेल अन्नासाठी वापरण्यास भारतात 2018 पासून मनाई आहे. उष्ण हवेत रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूची वाढ होते आणि त्याचे एक विष फोडणीच्या उष्णतेलाही दाद देत नाही, म्हणून उरलेला भात लवकर निववून थंड जागी ठेवणे हा फोडणीच्या भाताचा पहिला नियम ठरतो. अर्धवट उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या पुढच्या आजारासाठी जपून ठेवणे ही तर काटकसर मुळीच नव्हे.

हे सर्व ध्यानात घेतले तर आजच्या घराने जुन्या व्यवस्थेतून काय घ्यावे याची कसोटी हाती येते: ज्या सवयीत वस्तू वाचते आणि वेळ फारसा जात नाही ती आधी घ्यावी. झाकण ठेवून शिजवणे, डाळी-कडधान्ये आधी भिजवून इंधन वाचवणे, बाजाराची यादी करण्यापूर्वी फडताळ व शीतकपाट पाहणे, देठ-साली टाकण्याआधी त्यांची चटणी होते का याचा विचार करणे, खरेदीच्या वेळीच ती वस्तू दुरुस्त होईल का हे विचारणे, या गोष्टींना दिवसाकाठी काही मिनिटेच लागतात. गोधडी, वाळवण, लोणी-तूप यांसारखी वेळखाऊ कामे ज्याला आवडतात त्याने छंद म्हणून करावीत, किंवा ती करणाऱ्याला रास्त मोबदला देऊन त्याच्याकडून घ्यावीत, आणि घरातच करायची असतील तर त्यांचा वाटा घरातील सर्वांनी उचलावा. मोबदला किंवा वाटणी यांपैकी काहीच न करता केलेल्या बचतीत खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त घरातील एका व्यक्तीच्या नावे मांडला जातो.